अडीच सुताचा आटा आणि माझं धनुष्य

सोसायटीतल्या मैत्रिणीला मी म्हटलं, "स्टॅबिलायझर बघतेय गं, कुणी ओळखीचं आहे का?" तिने लगेच विचारलं, "फ्रिजचा की एसीचा?" मी म्हटलं, "धनुष्याचा." ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण त्याला वीज कुठे लागते?" हाच प्रश्न पुढे मुंबईत एका सरकारी टेबलापलीकडूनही माझ्या वाट्याला येणार होता. ते ओघाने येईलच.

धनुष्याच्या पुढे एक लांब दांडी आणि मागे तिरकी एक आखूड दांडी, दोन्हींच्या टोकाला वजनं, हे चित्र तुम्ही स्पर्धेच्या फोटोंत पाहिलं असेल. तोच स्टॅबिलायझर. तो निवडण्यात माझे सहा महिने गेले. मराठीत मला याबद्दल काही सापडलं नाही आणि इंग्रजीत सापडलं ते बहुतेक झाडावर मचाण बांधून हरणाची वाट बघणाऱ्यांसाठी होतं. म्हणून जे झालं ते लिहून ठेवतेय, चुकांसकट.

धनुष्य आलं ते दिवाळीत. २०२४ च्या नोव्हेंबरात माझा आतेभाऊ अमेरिकेहून आला, तेव्हा चेक-इन बॅगेत वहिनीचं जुनं कंपाउंड धनुष्य, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं, घेऊन आला. वहिनीने शिकार सोडली होती आणि माझी लेक रिकर्व्ह, म्हणजे चाकं नसलेलं बाकदार धनुष्य, शिकतेय हे दादाला ठाऊक होतं. त्याला वाटलं, लेकीला उपयोगी पडेल. लेकीने एकदा उचलून बघितलं आणि म्हणाली, "आई, हे कंपाउंड आहे, मला नको. तू मार." तिच्या खोलीत तेव्हा अदिती स्वामीचा फोटो लावलेला होता. साताऱ्याची ही मुलगी २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला कंपाउंडमध्येच जगज्जेती झाली, वयाच्या १७ व्या वर्षी. मी तेव्हा ४३ वर्षांची होते आणि मैदानावरचं माझं काम लेकीला सोडणं, कट्ट्यावर वह्या तपासणं आणि तिला परत आणणं एवढंच होतं.

धनुष्य काळं कुळकुळीत, एका टोकाच्या चाकापासून दुसऱ्या टोकाच्या चाकापर्यंत ३१ इंच. स्पर्धेची धनुष्यं ३६ ते ४० इंचांची असतात, म्हणून हे त्यांच्या शेजारी ठेवलं की पिल्लासारखं दिसायचं. पुढे सहा इंचांचा एक जाडजूड रबरी ठोकळा लावलेला आणि बाजूला बाण ठेवायचा भाता धनुष्यालाच अडकवलेला. खालच्या मजल्यावरच्या काकांनी ते पाहिलं आणि विचारलं, "बिबट्यासाठी का?" नाशिकमध्ये हा प्रश्न अगदीच विनोदी नाही. तरी सांगून टाकते, कारण नंतर आणखी चारजणांनी विचारलं: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. हे धनुष्य शिकारीसाठी घडवलेलं असलं तरी माझ्याकडे ते फक्त कागदाच्या निशाणावरच चालतं.

डिसेंबरपासून मी लेकीच्याच सरांकडे शिकायला लागले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभं राहायची लाज पहिले दोन आठवडे वाटली, नंतर ती मुलंच "काकू, कोपर वर" म्हणायला लागली. पहिल्या दिवशी सरांनी तीन गोष्टी बजावल्या. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, धनुष्य फुटू शकतं. घरात ओढायचं नाही. आणि दोन महिने नवीन काहीही विकत आणायचं नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जड गेली. रात्री फोनवर कार्बनच्या दांड्यांचे फोटो बघत बसायची सवय मला एव्हाना लागली होती.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार. ३० मीटरवर माझे बाण गठ्ठ्याने पडायला लागले होते, पण गठ्ठा निशाणाच्या उजवीकडे खाली. साइट, म्हणजे धनुष्यावरचं नेम धरायचं साधन, सरकवून सरकवून मी कंटाळले. सर मागे येऊन उभे राहिले.

"ताई, बबल कुठे आहे?"

साइटच्या भिंगाच्या, म्हणजे स्कोपच्या, तळाशी सुताराच्या लेव्हलसारखी एक इवलीशी नळी असते, तिच्यातला हवेचा बुडबुडा म्हणजे बबल. मी तोवर त्याच्याकडे बघतच नव्हते.

"डावीकडे."

"म्हणजे धनुष्य उजवीकडे कलतंय. बुडबुडा उंच बाजूला पळतो. तो भाता काढा आधी."

शिकारीला रानात फिरायचं, म्हणून बाण धनुष्यावरच बाळगतात. उजव्या हाताने ओढणाऱ्याच्या धनुष्याला साइट उजवीकडे असते, भाताही उजवीकडे, म्हणजे सगळं वजन एकाच अंगाला. मैदानावर बाण कमरेच्या भात्यात ठेवायचे असतात, धनुष्यावर नुसतं ओझं. भाता काढला आणि निम्मा कल तिथेच गेला. खर्च शून्य. शिकारी धनुष्य घेऊन जो कुणी येईल त्याने दुकानात जायच्या आधी हे करावं.

उरलेल्या कलासाठी सर प्रथमच म्हणाले, "आता दांडीचं बघू."

तो रबरी ठोकळा वाईट नव्हता, त्याचं काम वेगळं होतं. रानात बाण सुटल्यावर दोरीचा जो टणत्कार होतो, तो ऐकून हरीण बाण पोचायच्या आत खाली दबतं. म्हणून शिकारीचा स्टॅबिलायझर आवाज आणि थरथर गिळण्यासाठी असतो. झुडपात अडकू नये म्हणून आखूड असतो, सहा ते बारा इंच. तिकडच्या काही स्पर्धांत शिकारी गटाला बारा इंचांची मर्यादाच घातलेली आहे. आमच्या निशाणाला कान नाहीत. आम्हाला हवा असतो स्थिरपणा.

हा स्थिरपणा येतो कुठून, ते मला वडिलांनी समजावलं. अण्णा नाशिकमधल्याच सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ३४ वर्षं टर्नर होते, आता ७४ वर्षांचे आहेत. मी त्यांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "डोंबारीण दोरीवर चालताना हातात काय धरते? लांब काठी. आखूड दांडकं धरून चालेल का ती?" वजन जितकं लांब तितकं ते वळायला कुरकुरतं, आणि हे कुरकुरणं अंतराच्या वर्गाने वाढतं. तेच वजन दहा इंचांऐवजी तीस इंचांवर टांगलं तर धनुष्य वळायला तिप्पट नाही, नऊपट नाखूश. म्हणजे वजन वाढवण्यापेक्षा लांबी वाढवणं स्वस्त पडतं, हाताला आणि खांद्याला. पण लांब दांडीच्या टोकाला वजन लावलं की धनुष्य पुढे मान टाकणार. मग मागची दांडी. इथे अण्णांचा तराजू आला: पुढे ३० इंचांवर ४ औंस म्हणजे १२०, मागे १२ इंचांवर १० औंस म्हणजे १२०. "फिट्टंफाट," अण्णा म्हणाले. प्रत्यक्षात एवढं सरळ नसतं. मागची दांडी तिरकी असते, पुढच्या दांडीचं स्वतःचं वजन असतं, साइटही पुढे असते. तरी मागे पुढच्या दुप्पट ते तिप्पट वजन लागतं, हे मैदानावरची मुलं अनुभवाने सांगतात ते या तराजूत बसतं. औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. या खेळात वजनं औंसातच मोजतात.

मार्च महिना मी उधारीवर काढला. कुणाची दहा इंची, कुणाची तीस, एका मुलाची तेहेतीस इंची दांडी, प्रत्येकी दोन-दोन सकाळी. उधार मागायला संकोच वाटतो हे खरं, पण कुणीही नाही म्हटलं नाही. प्रत्येक दांडीवर किमान तीन फेऱ्या, म्हणजे १८ बाण, आणि वहीत नोंद. आधी बाण लावून, निशाणासमोर, पूर्ण ओढून दहा सेकंद धरायचं आणि न सोडता हळूच परत आणायचं. त्या वेळी लेक मोबाइलवर धनुष्याच्या टोकाचं चित्रण करायची. डोळ्याला जे जाणवत नाही ते पडद्यावर लख्ख दिसतं.

दहा इंचीने थरथर कमी झाली, पण साइटचा ठिपका पूर्वीसारखाच पिवळ्या-लाल रंगांत भटकत होता. तेहेतीस इंची लावली आणि ठिपका असा बसला की मी सोडायचंच विसरले. तेव्हाच मनात तीच विकत घेऊन टाकली होती. पण चौथ्या फेरीला डावा खांदा उतरायला लागला. दुपारी वारा सुटला तेव्हा आणखी एक कळलं: लांब दांडी वाऱ्याने हलायला वेळ लावते, पण एकदा हलली की जागेवर यायलाही तेवढाच वेळ लावते. माझं धनुष्य लहान आणि हलकं, त्याचं ओढीचं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, ४० पौंड, मी स्पर्धेच्या ७२ बाणांत दमणारी. वहीतले आकडे बघून सर म्हणाले, "सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे जाऊ नका." जी दांडी पहिल्या सहा बाणांत सगळ्यात छान वाटते तिच्यावर पैसे लावू नका. चाळिसाव्या बाणाला काय होतं ते बघा.

आता घ्यायची कुठून? नाशिकमध्ये हे मिळणारं दुकान मला सापडलं नाही. देशातल्या दोन विक्रेत्यांकडून भाव घेतले, पुढच्या एका दांडीला साडेचार ते नऊ हजार. स्वस्तातली एक दांडी मैदानावरच्या एका मुलीकडे होती. धनुष्य धरून दांडीच्या टोकाला बोटाने टिचकी मारली तर ती कितीतरी वेळ थरथरत राहायची. टिचकीनंतर जी लगेच गप्प होते ती ताठ, तीच घ्यावी. दादाला कळवलं. त्याला तिकडे एका क्लबमध्ये वापरलेली जोडी मिळाली: पुढची २७ इंची, मागची १२ इंची, कार्बनची, सोबत तिरकी दांडी बसवायचा कंस. साधारण १२ हजार रुपये. कंस महत्त्वाचा, कारण माझ्या धनुष्याला समोर एकच भोक आहे, मागच्या दांडीसाठी वेगळी सोय नाही. तुमच्याकडे शिकारी धनुष्य असेल तर आधी ही भोकं मोजा.

२ एप्रिलला दादाने पार्सल टपालाने पाठवलं आणि फॉर्मवर दोन शब्द लिहिले. एक "भेट", दुसरा "स्टॅबिलायझर". दोन्ही आम्हाला महाग पडले.

२४ एप्रिलला ऑनलाइन दिसलं की पार्सल मुंबईत पोचलंय. मग काही हलेना. ५ मेला पत्र आलं: खरेदीची पावती, पैसे दिल्याचा पुरावा, ओळखपत्र, वस्तूचं वर्णन आणि वापर कळवा. मी आधार आणि पॅनच्या स्वसाक्षांकित प्रती, दादाची पावती, सगळं ईमेल केलं. चार दिवस उत्तर नाही, फोन उचलला जात नव्हता. शाळेला सुट्टी लागलेली होती, म्हणून १३ मेला सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली आणि कागद घेऊन मुंबईतल्या त्या कचेरीत जाऊन उभी राहिले. धनुष्य नेलं नाही, फक्त मोबाइलमधली चित्रणं.

टेबलापलीकडचे गृहस्थ वैतागलेले होते, पण उद्धट नव्हते.

"मॅडम, हे विजेचं उपकरण आहे ना? मग त्याची कागदपत्रं?"

"नाही हो, याला वीज लागत नाही."

"मग स्टॅबिलायझर कसला?"

"धनुष्य स्थिर ठेवायची दांडी आहे."

"स्कॅनमध्ये नळी दिसतेय. टोकाला धातू."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना नळी आणि धातू एकत्र बघून काय वाटत असेल. मी मोबाइल पुढे केला. लेकीने घेतलेलं चित्रण, मी भर उन्हात तोंड वेडंवाकडं करून दहा सेकंद धनुष्य धरून उभी. त्यांनी ते दोनदा बघितलं, शेजाऱ्यालाही दाखवलं. एका कोऱ्या कागदावर अर्ज लिहून घेतला: धनुर्विद्या या खेळाचं साहित्य, वैयक्तिक वापरासाठी, विजेचा भाग नाही. वीस मिनिटांत काम झालं. "भेट" शब्दाबद्दल त्यांनीच सांगितलं की डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून आलेल्या वस्तूंवरही पूर्ण शुल्क लागतं, सूट राख्यांना आणि जीवरक्षक औषधांना. "राखी पाठवली असती भावाने तर सोडली असती," ते म्हणाले. मी म्हटलं, "राखी आम्ही पाठवतो, ते नाही." पहिल्यांदाच हसले.

शुल्क वस्तूच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त लागलं. वापरलेलं स्वस्त मिळालं म्हणून जो आनंद झाला होता तो तिथे संपला. दांड्या, दादाने भरलेलं टपाल आणि शुल्क मिळून प्रकरण २४ हजारांच्या घरात गेलं. भारतातली ताठ दांडी घेतली असती तर कदाचित एवढंच पडलं असतं आणि दोन महिने वाचले असते. मागवणारच असाल तर पाठवणाऱ्याला फॉर्मवर साधं लिहायला सांगा: खेळाचं साहित्य, धनुष्याची तोलदांडी, विजेविना. आणि पावती पार्सलच्या आतही टाकायला सांगा.

२९ मेला पोस्टमन आला. २०२५ चा मे आठवत असेल, उन्हाळा असा नव्हताच, अवकाळी पाऊस संपता संपता खरा पाऊस आला. खोकं भिजून मऊ झालेलं. दांड्या शाबूत, कंस शाबूत, वजनं फक्त दोन, आणि कंस धनुष्याला बसवायचा लांब बोल्ट नाही. तो कुठे गळला देव जाणे.

एक बोल्ट काय, म्हणून मी तशीच नटबोल्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने कंसाचं भोक बघितलं, एक बोल्ट काढून दिला. "आठ एमएम आहे ताई, तोच बसेल." बारा रुपये. घरी धनुष्याच्या भोकात लावला, दीड-दोन वेढे सहज गेला, मग घट्ट. मी पाना आणला. तेवढ्यात अण्णा आले म्हणून वाचले. त्यांनी माझ्या हातातून पाना काढूनच घेतला.

"हाताने जात नाही त्याला पाना लावायचा नसतो. आटा बघितला का?"

कपाटातून त्यांनी आटे, म्हणजे बोल्टवरच्या खाचा, मोजायची पातळ पट्ट्यांची जुडी काढली, निवृत्तीनंतर दोनदाच वापरलेली. बोल्ट आठ मिलिमीटरचा, दोन आट्यांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर. धनुष्याचं भोक पाच सोळांश इंचाचं, म्हणजे ७.९४ मिलिमीटर, जाडीत जवळजवळ तेवढंच. पण आटे इंचाला २४, म्हणजे अंतर जेमतेम १.०६. जाडी जुळते, आटा जुळत नाही, आणि म्हणूनच दोन वेढे फसवतं. पाना लावला असता तर पोलादी बोल्टने धनुष्याच्या ॲल्युमिनियममधले आटे खरवडून टाकले असते. मग दादाचं दिवाळीचं धनुष्य भिंतीवर टांगायलाच.

"अडीच सूत, यूएनएफ, चोवीस आटे," अण्णांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. यूएनएफ म्हणजे इंची मापाचा बारीक आटा. इंचाचे आठ सूत, म्हणून पाच सोळांश म्हणजे अडीच सूत. जुन्या कारागिरांना असंच सांगावं लागतं, नाहीतर ते परत आठ एमएमच काढतात. तीन दुकानं फिरले. चौथं, नाशिकच्याच द्वारका चौकाच्या बाजूला, जुन्या जीपगाड्यांचं सामान ठेवणारं. म्हाताऱ्या मालकाने चिठ्ठी वाचली, वर न बघता डबा ओढला. तीन लांबींचे दोन-दोन बोल्ट घेतले, १८० रुपये. हाताने शेवटपर्यंत फिरला तेव्हा जो आनंद झाला तो मी शाळेत सांगायला गेले आणि कुणालाच कळला नाही.

वजनांसाठी तिकडून मागवायचा प्रश्नच उरला नव्हता. अण्णांच्या जुन्या सहकाऱ्याचं सातपूरला लेथचं शेड आहे. स्टेनलेस स्टीलच्या ३० मिलिमीटर सळईचा उरलेला तुकडा त्यांच्याकडे पडून होता. हिशेब असा: या सळईचा साडेदहा मिलिमीटर जाडीचा तुकडा, मधलं पाव इंचाचं भोक वजा जाता, सुमारे ५७ ग्रॅम, म्हणजे दोन औंस. सहा तुकडे दोन औंसांचे, दोन एका औंसाचे. माझ्या दांड्यांच्या टोकाचा आटा वेगळा निघाला, दोन सूत आणि इंचाला २० आटे. कॅमेऱ्याच्या तिवईचा असतो तोच. काही दांड्यांना तिथेही अडीच सूतच असतं, तेव्हा मोजल्याशिवाय तुकडे पाडू नका. काकांनी मजुरी घेतली नाही, मी बळेच ८०० रुपये ठेवले आणि तुकडे अण्णांनी स्वतः पॉलिश केले. घरच्या वजनकाट्यावर आठपैकी एकही तुकडा दोन ग्रॅमपेक्षा जास्त चुकला नव्हता. ते त्यांनी आईला तीनदा सांगितलं.

८ जूनपासून जुळवाजुळव. पाऊस उघडेल तेव्हा, बहुतेक सकाळी साडेसहा ते आठ. सरांचा नियम: एका वेळी एकच औंस बदलायचा आणि त्याच दिवशी दुसरं काही बदलायचं नाही, ना साइट, ना पकड. पहिल्या दिवशी पुढे ४, मागे ८. बाण सुटल्यावर धनुष्य हळूच पुढे झुकलं, म्हातारी पेंगते तसं. ठिपका ओढताना सारखा खाली घसरत होता. पुढचा एक औंस काढला. घसरणं कमी. मागे ९, मग १०, मग ११. अकराला ठिपका वर तरंगायला लागला आणि मला तो खाली दाबून धरावा लागला. परत १०. मागची दांडी डावीकडे थोडी आणखी उघडली, तेव्हा बुडबुडा न बघताही मधे यायला लागला.

वाचायला हे दहा मिनिटांचं वाटतं. प्रत्यक्षात पाच आठवडे गेले. काही सकाळी मी काहीच न बदलता कालच्यापेक्षा वाईट मारायचे आणि वजनांना दोष द्यायचे. एकदा लेक म्हणाली, "आई, तू रात्री वह्या तपासत जागलीस, त्याला औंस काय करतील?" बरोबर होतं. तेव्हापासून वहीत वाऱ्याच्या शेजारी झोपेचाही रकाना घातला.

एक वजन मी हरवलंही. प्रत्येक बाणाच्या हादऱ्याने आटे थोडे थोडे ढिले होतात, आणि मी तपासत नव्हते. एका सकाळी मागे ठण्ण झालं आणि दोन औंसांचा तुकडा ओल्या गवतात गेला तो गेलाच. अण्णांना सांगायचं धाडस दोन दिवस झालं नाही. ते एवढंच म्हणाले, "रबरी वॉशर लावला नव्हतास ना?" आता प्रत्येक तुकड्यामागे वॉशर आहे आणि प्रत्येक फेरीनंतर बोटाने एकदा फिरवून बघते. पुढे ३, मागे १० हे मी ठरवलं ते हरवलेला तुकडा सोडून उरलेल्यांत. दादाकडून आलेली दोन वजनं त्यात जमेस धरली तेव्हा बेरीज जुळली.

जिल्हा स्पर्धा २४ ऑगस्टला होती, गणपतीच्या तीन दिवस आधी. नोंदणीला आधारची प्रत, दोन फोटो आणि ५०० रुपये. सकाळी साहित्य तपासणी. पंचांनी ओढीचं वजन काट्याला लावून बघितलं, कंपाउंडला ६० पौंडांची मर्यादा आहे, माझं ४०, तिथे चिंता नव्हती. बाणांवर नाव किंवा आद्याक्षरं लागतात आणि सगळे बाण एकसारखे हवेत. माझ्या दोन बाणांवरचं नाव पावसाने पुसलं गेलं होतं, तिथेच मार्करने लिहिलं. मग त्यांनी मागची वजनं हातात घेतली.

"ही कुठली कंपनी?"

"सातपूर," मी म्हटलं.

त्यांनी वळवून पाहिली, घट्ट आहेत ना ते बघितलं आणि पुढच्या माणसाकडे गेले.

५० मीटर, ८० सेंटिमीटरचं निशाण, ७२ बाण. माझे ७२० पैकी ६०९ झाले. महिलांच्या कंपाउंड गटात आम्ही पाच होतो, मी चौथी. दुसऱ्या अर्ध्यात रिमझिम सुरू झाली आणि एका फेरीत मी बबल बघायला विसरले, त्या फेरीतला एक बाण सरळ उजवीकडे खाली निळ्यात. पण खांदा शेवटच्या फेरीपर्यंत उतरला नाही. वहीत शेवटच्या १८ बाणांची बेरीज पहिल्या १८ पेक्षा दोनानेच कमी आहे.

घरी आल्यावर अण्णांनी गुण विचारले नाहीत. बाणांचा फोटो मागितला, चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "मागे अर्ध्या औंसाचा एक तुकडा करू का? २.६ मिलिमीटर. सळई उरलीय."

त्या तुकड्यासाठी या रविवारी मी शेडवर जाणार आहे.